फोटोतली माणसे कोण होती? लुब्लिनच्या ज्यू वस्तीचे फोटो आणि आपल्या घरातले अल्बम

पोलंडच्या पूर्व भागात लुब्लिन नावाचे शहर आहे. या शहराच्या जुन्या बाजारचौकातील चार नंबरच्या घराची दुरुस्ती चालू असताना, साधारण पंधरा वर्षांपूर्वी, माळ्यावर काचांचा मोठा साठा सापडला. मोजल्या तेव्हा त्या सुमारे २७०० भरल्या. खिडकीच्या काचा असत्या तर भंगारात गेल्या असत्या. पण एकेक काच उजेडासमोर धरली की तिच्यात माणसे दिसत होती. काळ्याच्या जागी पांढरे, पांढऱ्याच्या जागी काळे. म्हणजे निगेटिव्ह. नवरा-नवरी, तान्ही बाळे, शाळेचे वर्ग, गणवेशातले शिपाई, एकत्र उभे राहिलेले कामगार.

हे फोटो १९१४ ते १९३९ या काळातले आहेत. ते काढणारा बहुधा अब्राम झिल्बरबर्ग नावाचा ज्यू फोटोग्राफर असावा, असे संशोधकांनी तपासाअंती ठरवले. फोटोतली काही माणसे ज्यू आहेत, काही ख्रिस्ती. त्यांच्यातली बहुसंख्य माणसे नेमकी कोण होती, हे आज कोणालाच सांगता येत नाही. चेहरा स्वच्छ आहे, कपड्याची घडी न् घडी दिसते, नाव मात्र नाही.

लुब्लिनच्या फोटोंची ही गोष्ट आपल्या वाचकांना सांगण्याचे कारण सरळ आहे. आपल्या समाजातही घराघरांत जुने फोटो आहेत. त्यातल्या माणसांना नावाने ओळखणारे लोक अजून आपल्यात आहेत. ते आणखी फार वर्षे असणार नाहीत.

वेशीपलीकडचे शहर

लुब्लिनमध्ये सोळाव्या शतकापासून ज्यूंची मोठी वस्ती होती. ज्यू धर्मशास्त्राच्या पाठशाळेला येशिवा म्हणतात. १५६७ मध्ये पोलंडच्या राजाने लुब्लिनच्या येशिवाच्या प्रमुखाला विद्यापीठाच्या रेक्टरच्या तोडीचे अधिकार दिले. त्याच काळात इथे मोठे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह, उभे राहिले. विद्येच्या या परंपरेमुळे लुब्लिनला 'ज्यूंचे ऑक्सफर्ड' म्हटले जाई.

शहराला तटबंदी होती आणि तटबंदीला ग्रोद्झका नावाची वेस होती. ती आजही उभी आहे. वेशीच्या आत ख्रिस्ती शहर आणि वेशीबाहेर, किल्ल्याच्या टेकडीभोवती, ज्यू शहर. म्हणून लोक तिला 'ज्यूंची वेस' असेही म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ज्यूंना आतल्या शहरात राहण्यावर बंदी होती. वेशीबाहेर राहणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांच्या एका अपूर्ण राहिलेल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच अस्पृश्यांना भारतातल्या 'घेटोची लेकरे' म्हटले आहे. घेटो हा शब्द मुळात युरोपातल्या ज्यू वस्त्यांचा.

पण तुलना जपून करावी. ज्यू शहराला स्वतःचा बाजार होता, स्वतःचे छापखाने होते, ग्रंथ आणि विद्वान होते. आपल्या पूर्वजांना अक्षरच नाकारले होते. दोन समाजांची दुःखे एकाच मापाने मोजू नयेत. पुसले जाण्याची पद्धत आणि त्याविरुद्ध आठवण टिकवण्याची पद्धत मात्र शिकण्यासारखी आहे.

१९३९ मध्ये लुब्लिनची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार होती आणि त्यातले साधारण ४३ हजार लोक ज्यू होते. म्हणजे रस्त्यावर भेटणाऱ्या दर तीन माणसांत एक. १ सप्टेंबर १९३९ ला नाझी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि त्याच महिन्यात लुब्लिन जर्मनांच्या ताब्यात गेले. १९४१ च्या वसंतात ज्यूंना घेटोत कोंडण्यात आले. १६ मार्च १९४२ च्या रात्री घेटो रिकामा करायला सुरुवात झाली आणि चार आठवड्यांत सुमारे २८ हजार माणसे आगगाडीने बेल्झेत्सच्या मृत्यूछावणीत पाठवली गेली. उरलेल्यांपैकी बहुतेकांचा शेवट शहराच्या कडेलाच असलेल्या मायदानेक छावणीत किंवा आसपास गोळीबारात झाला.

माणसे संपवल्यावर घरांची पाळी आली. किल्ल्याभोवतीची ज्यू वस्ती पाडण्यात आली. सोळाव्या शतकातले सिनेगॉगही गेले. युद्धानंतर, १९५४ मध्ये, त्या मोकळ्या झालेल्या जागेत मोठा चौक आणि नव्या इमारतींची गोलाकार रांग उभी राहिली. आज तिथे पर्यटक फिरतात, मुले सायकली चालवतात. आपल्या पायाखाली एक अख्खे शहर होते, याची कल्पना बाहेरून आलेल्या माणसाला सहज येत नाही. जवळच्या रस्त्यावर जुन्या वस्तीतला एक दिव्याचा खांब आठवण म्हणून रात्रंदिवस पेटता ठेवला आहे.

ते शहर कसे दिसत होते, हे आज कळते ते मुख्यतः फोटोंमुळे. १९३० च्या दशकात स्तेफान क्येल्श्न्या नावाच्या जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याने ज्यू वस्तीतले रस्ते कॅमेऱ्यात टिपले. दुकानांच्या पाट्या, दारात उभे असलेले दुकानदार, खरेदीला निघालेल्या बायका. रोजचा, अगदी साधा बाजार. त्या वेळी कोणी म्हटलेही असेल की यात फोटो काढण्यासारखे काय आहे. पुढच्या काही वर्षांत तो रस्ता राहिला नाही, दुकाने राहिली नाहीत आणि दुकानदारही राहिले नाहीत.

एका इमारतीच्या तीन ओळखी

लुब्लिनच्या लुबार्तोव्स्का रस्त्यावर एक भव्य, पिवळसर, अनेक मजली इमारत आहे. १९५० नंतर शिकलेल्या डॉक्टरांच्या कितीतरी तुकड्यांसाठी ती मेडिकल कॉलेजची इमारत होती. तिच्या जन्माची गोष्ट वेगळी आहे.

मेईर शापिरो हे तरुण रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आणि पोलंडच्या संसदेचे सदस्य होते. १९२३ मध्ये त्यांनी व्हिएन्नाच्या परिषदेत एक साधी कल्पना मांडली. जगातल्या प्रत्येक ज्यूने तालमूद या धर्मग्रंथाचे रोज एक पान वाचावे आणि सगळ्यांनी एका दिवशी तेच पान वाचावे. २७०० हून अधिक पानांचा हा ग्रंथ अशा रीतीने साडेसात वर्षांत पूर्ण होतो. ही प्रथा आजही जगभर चालू आहे.

दुसरी कल्पना होती येशिवाची. पोलंडमधल्या गरीब येशिवा विद्यार्थ्यांची राहण्या-खाण्याची पद्धत आपल्याकडच्या 'वार लावून जेवण्या'सारखी होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, आणि रात्री प्रार्थनागृहातल्या बाकावर झोप. विद्यार्थ्याला असे लाचार करून विद्येचा मान राहत नाही, असे शापिरोंना वाटत होते. त्यांना हवी होती राहण्याच्या खोल्या, भोजनगृह, ग्रंथालय आणि मोठे सभागृह असलेली संस्था. त्यासाठी त्यांनी देणग्या गोळा केल्या, अमेरिकेचा दौरा केला. १९२४ मध्ये पायाभरणी झाली. १९३० च्या जूनमध्ये 'येशिवत हाखमेई लुब्लिन', म्हणजे लुब्लिनच्या विद्वानांची पाठशाळा, सुरू झाली. प्रवेश मिळवायचा तर तालमूदची २०० पाने पाठ असावी लागत.

हे वाचताना आपल्याला आपली वसतिगृहे आठवल्याशिवाय राहत नाहीत. ब्राह्मण विद्यार्थ्याला वार लावून जेवता तरी येत होते. आपल्या मुलाला तो वारही कोणी दिला नसता. म्हणून शाहू महाराजांच्या कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले आणि बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. शिक्षणाच्या आधी शिकणाऱ्याच्या भाकरीची आणि अंथरुणाची सोय लागते, हे दोन्हीकडे ओळखले गेले होते.

येशिवाच्या उद्घाटनाच्या फोटोत इमारतीसमोर प्रचंड गर्दी दिसते. एखाद्या समाजाने वर्षानुवर्षे वर्गणी देऊन बांधलेली वास्तू पाहायला आलेल्या माणसांची ती गर्दी आहे. शापिरो १९३३ मध्ये, पन्नाशीच्या आतच, वारले. येशिवा जेमतेम नऊ वर्षे चालली. युद्ध सुरू झाल्यावर जर्मनांनी इमारत ताब्यात घेतली आणि तिथे लष्करी दवाखाना आला. ग्रंथालयाबद्दल एका जर्मन वृत्तांतात बढाई मारलेली आहे की पुस्तकांची होळी वीस तास चालू होती. मात्र येशिवाचा शिक्का असलेली पुस्तके नंतर वेगवेगळ्या ठिकाणी सापडत गेली आणि अभ्यासकांनी त्या वृत्तांतावर शंका घेतली. जाळणाऱ्याचे म्हणणेही पुराव्याशिवाय खरे मानू नये, हा यातला धडा. आणि पुरावा ठरला तो पुस्तकाच्या पहिल्या पानावरचा एक शाईचा शिक्का.

युद्धानंतर इमारत सरकारकडे गेली. आधी विद्यापीठाचे वैद्यकीय वर्ग आणि मग १९५० पासून स्वतंत्र वैद्यकीय अकादमी तिथे होती. २००३ मध्ये ती ज्यू समाजाला परत मिळाली आणि २००७ मध्ये आतले प्रार्थनागृह दुरुस्त होऊन पुन्हा खुले झाले. आता तिथे एक हॉटेलही आहे.

पाठशाळा, मेडिकल कॉलेज, हॉटेल. भिंती त्याच, ओळखी तीन. नुसत्या इमारतीचा फोटो पाहिला तर यातली कोणतीही ओळख खरी वाटू शकते. ती कोणी, कोणासाठी, कोणाच्या पैशाने बांधली हे भिंत सांगत नाही. ते फोटोखालची ओळ सांगते. त्या ओळीत तारीख आणि नावे असतील तरच समाजाला म्हणता येते की ही वास्तू आमची होती.

कॅमेरा कोणाच्या हातात होता?

लुब्लिनच्या घेटोचे रंगीत फोटोही आहेत. १९४० मध्ये जर्मन लष्करातल्या माक्स किर्नबर्गर नावाच्या माणसाने ते काढले. रंग असल्यामुळे ते कालपरवाचे वाटतात आणि म्हणून जास्तच अस्वस्थ करतात. पण ते फोटो काढणारा कब्जा करून बसलेल्या सैन्यातला होता आणि समोरच्या माणसाला नको म्हणण्याची सोय नव्हती.

आता माळ्यावर सापडलेल्या काचांशी याची तुलना करून पाहा. तिथे लोक आपल्या पायांनी फोटोग्राफरकडे आले होते. चांगले कपडे घालून, केस विंचरून, पदरचे पैसे देऊन. कसे दिसायचे हे त्यांनी स्वतः ठरवले होते. एका फोटोतला ज्यू हा कोणीतरी पाहिलेला माणूस आहे. दुसऱ्या फोटोत तो स्वतः आपल्याकडे पाहतो.

दोन्ही प्रकारचे फोटो पुरावा म्हणून लागतात. अत्याचाराचा फोटो नसेल तर अत्याचार नाकारला जातो. पण समाजाची आठवण म्हणून फक्त अत्याचाराचेच फोटो उरले, तर पुढच्या पिढीला आपले पूर्वज फक्त मार खाताना दिसतील. आपल्या समूहांमध्ये रोज फिरणारे फोटो पाहिले तरी हे जाणवते. खैरलांजीचे, जळालेल्या घरांचे, मोर्चावरच्या लाठीमाराचे फोटो आपण जपतो आणि जपलेच पाहिजेत. पण आजोबांचा मिलमधल्या मित्रांसोबतचा फोटो, वस्तीतल्या पहिल्या मॅट्रिक मुलीचा फोटो, विहाराच्या पायाभरणीला घमेले उचलणाऱ्या बायांचा फोटो, हेही तितकेच मोठे दस्तऐवज आहेत.

चेहरा एकीकडे, नाव दुसरीकडे

ग्रोद्झका वेशीच्या इमारतीत आज 'ग्रोद्झका वेस – एनएन नाट्यगृह' ही संस्था काम करते. तोमाश पिएत्रासिएविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ती नाटकासाठी सुरू केली. हे लोक बहुतेक ज्यू नाहीत. वेशीत बसल्यावर त्यांना कळले की आपल्या दारासमोर एक शहर होते आणि शाळेत आपल्याला ते कोणी शिकवले नाही. मग ते नाटकाबरोबर आठवणी, नकाशे, फोटो गोळा करू लागले. माळ्यावरच्या काचाही शेवटी त्यांच्याकडे आल्या.

या संस्थेने एक काम हाती घेतले. १९३९ च्या लुब्लिनमधल्या प्रत्येक ज्यू माणसासाठी एक फाइल. ४३ हजार माणसे, ४३ हजार फाइली. सरकारी नोंदी, शाळांची कागदपत्रे, जुन्या जाहिराती, वाचलेल्यांच्या आठवणी यांतून नाव मिळाले की ते त्या माणसाच्या फाइलमध्ये जाते. भिंतीला लागून फाइलींच्या रांगाच्या रांगा आहेत. काहींत बरीच कागदपत्रे आहेत, कितीतरींत फक्त एक नाव, आणि कितीतरी रिकाम्या आहेत. रिकामी फाइलसुद्धा काढून टाकलेली नाही, कारण ती एका माणसाची जागा आहे.

या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट अशी की एका बाजूला हजारो चेहरे आहेत, त्यांना नावे नाहीत. दुसऱ्या बाजूला हजारो नावे आहेत, त्यांना चेहरे नाहीत. एखादा चेहरा आणि एखादी फाइल एकाच माणसाची असण्याची शक्यता आहे. पण ते जोडून देणारी आई, शेजारीण, वर्गमित्र, कोणीच उरलेले नाही. फोटोच्या मागे एक ओळ लिहिलेली असती तर ते काम झाले असते.

जिथे नाव आणि चेहरा एकत्र टिकला, तिथे काय होते याचे उदाहरणही लुब्लिनमध्येच आहे. हेन्यो झितोमिरस्की हा १९३३ मध्ये जन्मलेला मुलगा. त्याचे वडील शिक्षक होते. ते लेकाचे फोटो काढून पॅलेस्टाइनमध्ये गेलेल्या नातेवाइकांना पाठवत. शेवटचा फोटो जुलै १९३९ चा आहे. शहराच्या मुख्य रस्त्यावर एका बँकेच्या पायरीवर हेन्यो उभा आहे. त्या सप्टेंबरात तो शाळेत जाणार होता. १९४२ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, तो मायदानेकमध्ये मारला गेला.

लुब्लिनमध्ये सगळे संपले, पण फोटोंच्या प्रती दुसऱ्या देशात होत्या म्हणून वाचल्या. आता दरवर्षी १९ एप्रिलला लुब्लिनमधली शाळेची मुले हेन्योला पत्रे लिहितात आणि त्याच्या जुन्या पत्त्यावर टाकतात. पत्रे परत येतात. पाकिटावर टपालखात्याचा शिक्का असतो, पत्ता असलेली व्यक्ती सापडत नाही. ४३ हजारांचा आकडा ऐकून मुले गप्प बसतात. एका मुलाचे नाव, वय, पत्ता आणि पायरीवरचा फोटो मिळाल्यावर ती त्याच्याशी बोलायला लागतात.

आपल्याकडचे फोटो

काही वाचक विचारतील, आज गाझातले चित्र डोळ्यांसमोर असताना ज्यूंच्या आठवणींवर का लिहायचे? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की लुब्लिनचे ज्यू हे पोलंडचे नागरिक होते आणि इस्रायल स्थापन होण्याआधीच ते मारले गेले. कोणत्याही सरकारच्या आजच्या धोरणाचा हिशेब त्यांच्याकडे मागता येत नाही, आणि त्यांच्या मरणाचा आधार घेऊन कोणत्याही सरकारला सूटही देता येत नाही. मेलेल्या मुलाचे नाव विचारणे हे करुणेचे काम आहे. ते लुब्लिनमध्ये खरे आहे आणि गाझातही खरे आहे.

आता आपल्या घराकडे वळू. वस्तीत काम करताना मी अनेक घरांत अल्बम उघडून बसले आहे. एका घरात आजी वारल्यानंतर पत्र्याच्या पेटीत एक जुना गट-फोटो सापडला. एका वसतिगृहासमोर वीसेक मुले, दोन रांगांत, काहींच्या अंगावर कोट, पायात काही नाही. नातवाला त्यातले फक्त आजोबा ओळखू आले. 'आजीला सगळे माहीत होते,' तो म्हणाला. 'ती नेहमी एकेकाचे नाव घेऊन सांगायची, आम्ही ऐकत नव्हतो.' वीसातले एक नाव उरले. आपल्याकडे कोणी घेटो जाळला नव्हता. फक्त कोणी लिहून घेतले नाही.

आपल्या मोठ्या फोटोंचेही असेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मंचावरची नावे आपल्याला पाठ आहेत. समोरच्या लाखोंच्या गर्दीत कोणाची तरी पणजी पांढरे लुगडे नेसून बसली आहे. कोणत्या गावाहून, कशाने, कोणाबरोबर ती आली, हे सांगणारी पिढी आता नव्वदीच्या आसपास आहे.

शिक्षणसंस्थांचे पाहा. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तिथे कोनशिला बसली. त्या समारंभातले पाहुणे कोण हे आपण सांगू शकतो. पण पहिल्या तुकड्यांत मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली मुले कोण होती, दगड फोडणारे, माती वाहणारे कोण होते? त्यांचे फोटो कोणाच्या तरी घरी आहेत.

आणि विद्यापीठ गेट. नामांतराचा ठराव १९७८ मध्ये झाला, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. मधल्या सोळा वर्षांत घरे जळाली, माणसे मेली, लाँग मार्च निघाला, हजारो तुरुंगात गेले. आज दर १४ जानेवारीला गेटसमोर लाखो फोटो निघतात. गेटचा फोटो कमी पडणार नाही. कमी पडणार आहेत ती नावे. १९७९ च्या लाँग मार्चमध्ये चालणारी कॉलेजची पोरे आज सत्तरीला टेकली आहेत. त्यांच्या कपाटात कृष्णधवल फोटो आहेत. लुब्लिनच्या लोकांना जी संधी मिळाली नाही ती आपल्याकडे आहे. फोटोतला माणूस स्वतःच आपल्याला फोटोतल्या इतरांची नावे सांगू शकतो.

तरुण मंडळांनी काय करावे?

हे काम करायला अनुदान लागत नाही. विहारात दर रविवारी वंदनेनंतर एक तास पुरेसा आहे. काही गोष्टी मात्र काळजीपूर्वक कराव्यात.

आधी नाव, मग स्कॅन. ज्येष्ठ माणसासमोर फोटो ठेवा आणि डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार नावे विचारा. मोबाइलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. नावाबरोबर गाव, काम, नाते आणि साधारण साल विचारा. आठवत नसेल तिथे 'माहीत नाही' असे लिहा. अंदाजाने नाव घालू नका. चुकीचे नाव रिकाम्या जागेपेक्षा जास्त नुकसान करते.

बायांची नावे पूर्ण लिहा. 'अमक्याची बायको' किंवा 'पाटीवाली मावशी' एवढ्यावर थांबू नका. तिचे स्वतःचे नाव आणि माहेरचे गाव विचारा. आपल्या संग्रहांत सगळ्यात जास्त गाळलेली नावे बायांचीच आहेत.

फोटोच्या मागे लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो आणि शाई झिरपते. चिकटलेला फोटो अल्बममधून ओढून काढू नका, पानासकट त्याचा फोटो घ्या. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. निगेटिव्ह असतील तर ती टाकू नका, ती मूळ आहेत.

स्कॅनर नसेल तर दिवसाच्या उजेडात, सावलीत, फ्लॅश बंद ठेवून, फोन सरळ वर धरून फोटो घ्या. मागची बाजूही घ्या, कारण स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथेच असते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की त्याचा दर्जा घटतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा. हेन्योचे फोटो वाचले ते दुसरी प्रत दुसऱ्या गावी होती म्हणून.

एआयने चेहरे 'स्वच्छ' करण्याचा मोह आवरा. बाबासाहेबांचे आणि रमाईंचे असे गुळगुळीत केलेले फोटो आपण रोज पाहतो. यंत्राला जे दिसत नाही ते ते स्वतःच्या मनाने भरते. मग तो चेहरा आपल्या माणसाचा राहत नाही आणि फोटो पुरावाही राहत नाही. शोभेसाठी करायचेच असेल तर मूळ वेगळे ठेवा आणि बदललेल्यावर तसे लिहा.

आणि मूळ फोटो त्या घराचाच राहू द्या. संग्रहाच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसाकडून फोटो नेऊन परत न देणारे कार्यकर्ते आपल्या चळवळीत झाले आहेत. त्यामुळे आज अनेक घरे अल्बम दाखवायला तयार होत नाहीत. त्यांच्यासमोर बसून प्रत काढा, फोटो तिथल्या तिथे परत द्या, सार्वजनिक करायचा तर विचारा. नकार आला तर तोही मान्य करा.

लुब्लिनमध्ये अजून लोक नावे शोधत आहेत. ज्या शहरातून ती माणसे नाहीशी झाली, तिथले बिगरज्यू नागरिक तीस वर्षांहून अधिक काळ हे करत आहेत आणि बऱ्याच फाइली अजून रिकाम्या आहेत. आपल्याला एवढे लांब जायचे नाही. आज घरी गेल्यावर आजीला किंवा आजोबांना एक फोटो दाखवा आणि विचारा, 'हे तुमच्या शेजारी कोण उभे आहे?' मग पेन्सिल घ्या आणि लिहा.

जय भीम!